राहुरीची मराठी शाळा आणि तिचा धनी

घरांतील वडील मंडळींपाशीं बाळपणाचा विषय काढला, म्हणजे बोलणें थोड्याच वेळांत मराठी शाळेवर येतें. ती शाळा कधीं त्यांची स्वतःची असते, कधीं त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली. मोठ्यानें म्हटलेले पाढे, बोरूची लेखणी, तपासणीला येणाऱ्या दिपोट्यांचा दरारा, आणि व्हर्नाक्युलर फायनल पास झाल्याचा तो जन्मभर पुरलेला अभिमान! शाळा बोर्डाची असे, मास्तर गांवांतच राहात असत, आणि कोणत्या घरच्या मुलाचें गणित कच्चें आहे हें सगळ्या आळीला ठाऊक असे. ज्या मुलांना वर्गाबाहेर पडवींत बसून ऐकावें लागे, त्यांच्या घरची आठवण मात्र इतकी गोड नसते, हें येथेंच सांगून ठेवलें पाहिजे.

आज त्याच घरांतील नातवंडें सकाळीं पिवळ्या बसमध्यें बसून इंग्रजी शाळेस जातात, आणि जुनी शाळा वाटेवर डाव्या हातास लागते एवढाच तिचा व आपला संबंध उरला आहे. ती कोण चालवितो, तिला पैसा कोठून येतो, तींत मुलें शिकतात कीं नुसतीं बसतात, असें एखाद्या सुशिक्षित गृहस्थास विचारलें तर तो "सरकारी शाळा आहे" एवढेंच उत्तर देईल. हें उत्तर चूक नाहीं; पण त्यांत फार थोडें सांगितलें जातें. तेव्हां एकच तालुका डोळ्यांपुढें ठेवून हा कारभार पाहूं.

राहुरी हें दौंड-मनमाड लोहमार्गावरील स्टेशन. शनिशिंगणापुरास जाणारे पुष्कळ यात्रेकरू येथेंच उतरतात. मुळा नदीवरचें धरण याच तालुक्यांत बारागांव नांदूर येथें आहे, उत्तरेकडील भागास प्रवरेचे पाट पाणी देतात, आणि त्या पाण्यावर ऊस उभा राहतो. १९६८ सालीं स्थापन झालेलें महात्मा फुले कृषि विद्यापीठही येथलेंच. ज्या जिल्ह्यास आपण आजवर अहमदनगर म्हणत आलों, त्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे. क्षेत्रफळानें हा महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा जिल्हा. तालुके १४, आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा सुमारें साडेतीन हजार.

शाळांची ही संख्या एवढी कां, याचें एक कारण पाण्यांत आहे. बागाईत आलें कीं शेतकरी गांवठाण सोडून मळ्यांत राहावयास जातो. मग गांव म्हणजे एक वेस व एक पार न राहतां मैल-दीड मैलावर विखुरलेल्या वस्त्या होतात. सहा वर्षांच्या मुलीनें उसांतली वाट तुडवून गांवांतल्या शाळेंत जावें, अशी अपेक्षा कोणती आई करील? म्हणून इ. स. २००० च्या सुमारास सरकारनें वस्तीशाळा काढल्या. तेथें शिकविणाऱ्या तरुणांना महिना हजार रुपये मानधन मिळे. पुढें या शाळा नेहमींच्या प्राथमिक शाळा झाल्या, आणि त्या शिक्षकांना कायम होण्यास २०१४ साल उजाडावें लागलें. इतकीं वर्षें हजार-पंधराशें रुपयांची आशा धरून कोणी मुळाक्षरें शिकवीत राहिला असेल, तर त्याला आपण गुरुजी म्हणतों तें उगीच नव्हे.

आतां पैशाकडे वळूं. कारण शाळेचा धनी कोण, हें पैशाच्या वाटेवरूनच कळतें. १८६३ च्या सुमारास मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागें एक आणा लोकल फंड बसविण्यांत आला. त्याचे दोन हिस्से रस्ते वगैरे कामांस आणि एक हिस्सा शाळांस. म्हणजे राहुरीच्या कुणब्यानें एक रुपया सारा भरला कीं वर चार पै शाळेच्या. हा हिशेब निरक्षर माणसालाही बोटांवर करतां येण्याजोगा होता, आणि तो करतां येत होता म्हणूनच त्याबद्दल प्रश्नही विचारतां येत होता. १८८२ च्या ऑक्टोबरांत हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं जें निवेदन ठेवलें, त्याचा रोख हाच होता. सरकारचें उत्पन्न मुख्यतः रयतेच्या घामांतून येतें. मग तें वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळावें आणि खेड्यांतील प्राथमिक शाळा तशाच राहाव्या, हा कोठला न्याय? ज्या घरांना त्या उच्च शिक्षणाचा लाभ झाला तीं घरें बहुतांशीं आपलींच होतीं, हें आतां मोकळेपणानें कबूल करण्यास हरकत नसावी. राहुरीच्या विद्यापीठाला ज्यांचें नांव आहे, त्यांचा हा प्रश्न त्या विद्यापीठाच्या आसपासच्या शाळांविषयीं आजही विचारतां येतो.

१८८४ च्या कायद्यानें लोकल बोर्डें झालीं. १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शाळांचा कारभार सरकारी खात्याकडून निघून बोर्डांच्या हातीं गेला, आणि निवडून आलेले सभासद मास्तरांच्या नेमणुका व बदल्या करूं लागले. त्यांत जें चांगलें झालें तें झालें, परंतु मास्तर हा तालुक्याच्या राजकारणांतील प्यादें होऊन बसला अशी ओरडही लौकरच सुरू झाली. १९४७ च्या कायद्यानें म्हणून बरेचसे अधिकार सरकारनें नेमलेल्या अधिकाऱ्याकडे परत नेले. पुढें वसंतराव नाईक समितीच्या शिफारसीवरून १९६१ चा कायदा आला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. प्राथमिक शाळा तेव्हांपासून त्यांच्या आहेत. अधिकार लोकांकडे द्यावा, तो बिघडला कीं अधिकाऱ्याकडे न्यावा, तेथें तो थिजला कीं पुन्हां लोकांकडे आणावा, असा हा लंबक शंभर वर्षें हालतो आहे.

आजची रचना अशी कीं, एका शाळेवर तीन शिड्या टेकलेल्या आहेत. पहिली जिल्हा परिषदेची : मुख्य कार्यकारी अधिकारी, त्यांच्या हाताखालीं प्राथमिक विभागाचे शिक्षणाधिकारी, राहुरीच्या पंचायत समितींत गटशिक्षणाधिकारी, मग विस्तार अधिकारी, आणि दहा-बारा शाळांमागें एक केंद्रप्रमुख. दुसरी सरकारची : शिक्षक किती मंजूर करावयाचे, भरती कोणत्या परीक्षेनें करावयाची, पुस्तकें कोणतीं, हें मुंबई-पुण्यास ठरतें, मास्तरांचा पगारही राज्याच्या तिजोरींतूनच येतो. तिसरी समग्र शिक्षा या योजनेची. ती २०१८ पासून आहे, आणि तिचा खर्च केंद्र व राज्य यांनीं ६० आणि ४० या प्रमाणांत सोसावयाचा आहे. मुख्याध्यापकाला या तिन्ही शिड्यांवरून हुकूम येतात, तिन्हींकडे तक्ते भरून पाठवावे लागतात, आणि मधूनमधून निवडणुकीच्या कामासही जावें लागतें. शिकविणें हें त्याचें चौथें काम.

२०१७ च्या एका शासननिर्णयापासून मात्र एक गोष्ट निःसंशय सुधारली. मास्तरांच्या बदल्या संगणकावरून होऊं लागल्या, आणि उन्हाळ्याच्या सुटींत पुढाऱ्यांच्या ओट्यावर बसून राहण्याचा शिक्षकांचा तो दीनवाणा प्रघात पुष्कळ कमी झाला. ज्यांना संगणकाचा राग येतो त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी.

परंतु पहिल्या शिडीवरची जी मुख्य जागा, म्हणजे लोकांनीं निवडलेल्या सभासदांची, तीच २०२२ सालीं रिकामी झाली. २०१७ सालीं निवडून आलेल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली, आणि निवडणूक न होतां कारभार प्रशासकाच्या हातीं गेला. २०२२ गेलें, २०२३ गेलें, २०२४ ही गेलें. वर्षामागून वर्ष शिक्षण समितीची बैठक नाहीं, अध्यक्ष नाहीं, सभेंत उभें राहून "आमच्या गांवच्या शाळेचें छत गळतें" असें सांगणारा माणूस नाहीं. प्रशासक वाईट असतो असें नव्हे. एखादा कर्तबगार अधिकारी सभासदांच्या भांडणावांचून झपाट्यानें काम करतो, हें आपण पाहतों. पण त्याला जाब विचारणारा त्याच्या वरचा असतो, खालचा नसतो.

खालून जाब विचारण्याची वाट अगदींच बंद झाली काय? नाहीं, आणि हीच गोष्ट फारच थोड्या लोकांना ठाऊक आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्रत्येक सरकारी शाळेस एक व्यवस्थापन समिति दिली आहे. तींत पाऊण हिस्सा सभासद त्या शाळेंतील मुलांचे आईबाप, आणि एकंदरींत निम्म्या स्त्रिया. अध्यक्ष पालकांपैकीं, मुख्याध्यापक चिटणीस. शाळेचा विकास-आराखडा त्यांनीं करावयाचा, अनुदानाचा खर्च त्यांनीं पाहावयाचा, आणि महिन्याकाठीं बैठक भरवावयाची. रेल्वे असो, टपाल असो, दवाखाना असो, सरकारच्या दुसऱ्या कोणत्या मोठ्या खात्यांत उपयोग करणारांना एवढा अधिकार कायद्यानें दिलेला आहे? तरी पुष्कळ ठिकाणीं बैठक म्हणजे नोंदवही घरोघर फिरवून घेतलेल्या सह्या, असेंच घडतें. यांत आईबापांना दोष देण्यापूर्वीं त्यांची स्थिति पाहावी. समितींतील बाई उसाच्या किंवा कांद्याच्या रानांत रोजानें जाते. बैठकीला यावें तर दिवसाची मजुरी बुडते, आणि आल्यावर समोर ज्या गुरुजींच्या हातीं आपलें मूल आहे, त्यांनाच हिशेब विचारावयाचा असतो.

त्या हिशेबांत असतें तरी काय? पगार शाळेच्या हातांतून जात नाहीं. पुस्तकें छापून येतात. दुपारचें जेवण, जें १९९५ पासून देशभर सुरू झालें, त्याचा तांदूळ वेगळ्या वाटेनें येतो. शाळेनें स्वतः खर्च करावयाचें असें एक संयुक्त अनुदान असतें, आणि तें पटाप्रमाणें ठरतें : ३० मुलांपर्यंत वर्षाला १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. वस्तीवरच्या शाळेचा पट बहुधा पहिल्याच पायरींत बसतो. म्हणजे महिन्याचे साडेआठशें रुपयेही झाले नाहींत. यांतून खडू, नोंदवह्या, विजेचें बिल, नळाची तोटी, झाडू आणि फिनाईल. या जमाखर्चापुढें आपल्या घरचा महिन्याच्या फक्त चहा-साखरेचा खर्च मांडून पाहावा.

लोकवर्गणी हा दुसरा मार्ग. गेल्या दहा-बारा वर्षांत गांवोगांव लोकांनीं शाळांना भिंती रंगवून दिल्या, मोठे दूरदर्शन-संच दिले, संगणक दिले. आणि नगर जिल्ह्यांतील माणूस अशा कामीं हात आखडता घेत नाहीं. परंतु देणगी द्यावयाची ती दिसणाऱ्या वस्तूची, हा आपला स्वभाव आहे. मुलींच्या शौचकूपांत रोज पाणी टाकणाऱ्या बाईचा वर्षाचा पगार मी देतों, असें म्हणणारा दाता विरळा. आणि सातवींतल्या मुलीची शाळा सुटते ती पुष्कळदां याच एका कारणानें.

खालच्या समितीवर विश्वास टाकला नाहीं म्हणजे काय होतें, याचें उदाहरण फार जुनें नाहीं. गणवेश घेण्याचें काम पूर्वीं शाळेच्या समितीकडे असे. २०२४-२५ सालीं सगळ्या राज्याला एकच गणवेश द्यावयाचें ठरलें. कापड एकीकडून, शिलाई बचतगटांकडून, वांटप वरून. हेतु चांगला होता, बायकांना कामही मिळणार होतें. पण महिने लोटले तरी पुष्कळ मुलांच्या अंगावर कपडा आला नाहीं, आणि आला तो कोणाला आखूड तर कोणाला ढगळ. शेवटीं डिसेंबर २०२४ मध्यें सरकारनेंच तो निर्णय फिरवून गणवेशाचें काम पुन्हां समितीकडे सोंपविलें. गांवच्या शिंप्याला मुलाची उंची ठाऊक असते, एवढी साधी गोष्ट समजण्यास एक वर्ष गेलें. वर्ष गेलें तें मुलांचें.

गणवेशाची गोष्ट हसून सोडून देतां येईल. छताची येत नाहीं. २८ ऑगस्ट २०१७ रोजीं नगर तालुक्यांतील निंबोडी येथें जिल्हा परिषदेच्या शाळेचें छत वर्ग भरलेला असतां कोसळलें, आणि तीन मुलें गेलीं. त्यानंतर जिल्ह्यांतील जुन्या खोल्यांची पाहणी झाली, धोक्याच्या इमारतींचे प्रश्न सभांतून व वर्तमानपत्रांतून निघाले. खोली पाडण्यास परवानगी एकाची, नवी बांधण्यास निधि दुसऱ्याचा, अंदाजपत्रक तिसऱ्याचें. आणि मधल्या काळांत मुलें बसतात मंदिरांत, समाजमंदिरांत नाहीं तर झाडाखालीं. ज्या शाळेचे तीन धनी आहेत तिच्या गळक्या छताला एकही धनी नसतो, असा अनुभव आहे.

आतां शिक्षणाचें काय? येथें आकडे सावधपणें वाचले पाहिजेत. "असर" या नांवानें खेड्यांतील मुलांची जी पाहणी घरोघर जाऊन होते, तींत तिसरींतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचतां येतो काय, असा अगदीं साधा प्रश्न असतो. देशांतील सरकारी शाळांत असा धडा वाचणारीं तिसरींतलीं मुलें २०१८ सालीं शेंकडा २०.९ होतीं, साथीच्या काळांत शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ सालीं, १६.३, आणि २०२४ सालीं २३.४. पडलेलें भरून निघालें आणि थोडें वरही गेलें, ही गोष्ट मास्तरांच्या श्रमाला शोभणारी आहे. पण याचा दुसरा अर्थ असा कीं, अजूनही चारांपैकीं तीन मुलें मागच्या इयत्तेचें पान वाचूं शकत नाहींत. महाराष्ट्र या बाबतींत पुष्कळ प्रांतांच्या पुढें आहे, एवढ्यावर समाधान मानणें आपल्याला शोभणार नाहीं.

यांत मास्तरांचा दोष किती? वस्तीवरची शाळा पाहा. कायद्याप्रमाणें ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. पण वर्ग चार, पुष्कळ ठिकाणीं पांच. एका मास्तरांपुढें पहिली आणि दुसरी, दुसऱ्यापुढें तिसरी आणि चौथी. एक राहुरीला बैठकीस गेले कीं चारही दुसऱ्याच्या गळ्यांत. मग पहिलीला गिरवावयास द्यावें, दुसरीला पाढे, तिसरीला वाचन, आणि चौथीला वजाबाकी शिकवावयास उभें राहावें तों पहिलींतलें कोणी रडूं लागतें. यांतही कांहीं मास्तर जादू करतात. मोठ्या मुलांना लहानांचे गुरु करतात, बांधावरच्या वस्तूंनीं गणित शिकवितात, आणि त्यांची मुलें खाजगी शाळेंतल्या मुलांना मागें टाकतात. पण जादूगार मास्तर मिळावा ही नशिबाची गोष्ट झाली, पद्धति नव्हे.

शाळेची कीर्ति कशावर ठरते, याचीही एक मौज आहे. चौथीची शिष्यवृत्ति-परीक्षा ही मराठी शाळेची पिढ्यान्‌पिढ्यांची पत. हंगामांत मास्तर पहांटे आणि रात्रीं जादा वर्ग घेत, आणि गांव निकालाची वाट पाहात असे. २०१६-१७ पासून ती परीक्षा चौथीवरून पांचवीला आणि सातवीवरून आठवीला नेली. कागदावर हा बदल लहान दिसतो. पण खेड्यांतल्या पुष्कळ शाळा चौथीला संपतात. पांचवीसाठीं मूल एखाद्या शिक्षणसंस्थेच्या हायस्कुलांत जातें. म्हणजे पेरलें एकानें आणि रास दुसऱ्याच्या खळ्यांत. चार वर्षांच्या मेहनतीचें जें एक फळ मास्तरांना गांवापुढें मिरवितां येत होतें, तें गेलें. २०२५ सालीं सरकारनें ती परीक्षा पुन्हां चौथी-सातवीकडे आणण्याचें ठरविलें, तेव्हां शिक्षकांच्या खोल्यांतून जो आनंद झाला त्याचें मर्म हें आहे.

आतां या शाळांपुढें खरें संकट पटाचें आहे. साथीच्या काळांत लोकांच्या हातीं पैसा नव्हता तेव्हां देशभर सरकारी शाळा भरल्या. खेड्यांतील शेंकडा ७२.९ मुलें २०२२ सालीं सरकारी शाळांत होतीं. २०२४ पर्यंत हा आकडा ६६.८ वर उतरला. म्हणजे ऐपत आली कीं पालक बाहेर पडतो. महाराष्ट्रांत २० हून कमी पटाच्या १४ हजारांवर शाळा आहेत असें २०२३ सालीं सरकारनें मोजलें, आणि त्यांच्या समूहशाळा कराव्या अशी कल्पना पुढें आली. मोठ्या शाळेंत प्रत्येक वर्गास शिक्षक मिळेल, खेळास गडी मिळतील, हें खरें. पण वस्ती ते मोठी शाळा हें अंतर उसांतून, ओढ्यांतून आणि नगर-मनमाड रस्त्यासारख्या भरधाव हमरस्त्याच्या कडेनें आहे. गाडी बंद पडली कीं मुलगा सायकलवर जाईल. मुलगी घरीं राहील. मला विचाराल तर चौथीपर्यंतची शाळा वस्तीवरच राहावी, आणि एकत्र करावयाचें तर पांचवीच्या पुढचें करावें.

राहतो पहिला प्रश्न. कुणब्याच्या त्या चार पै कोठें गेल्या? त्या नाहींशा झालेल्या नाहींत. उलट आतां आपणही देतों. प्राप्तिकर भरणाऱ्या प्रत्येकाच्या करावर आरोग्य व शिक्षण उपकर म्हणून शेंकडा ४ चढतात. त्याची सुरुवात २००४ सालीं शेंकडा २ नें, आणि तीही शिक्षणाच्याच नांवानें, झाली. शहरांतील घरपट्टीच्या बिलावर शिक्षण-कराचें वेगळें कलम असतें, तें १९६२ च्या राज्याच्या कायद्याचें. फरक एवढाच कीं, त्या कुणब्याची पै त्याच्या गांवच्या शाळेपर्यंत डोळ्यांनीं पाहतां येत होती. आपला रुपया दिल्ली-मुंबईच्या समुद्रांत पडतो, आणि समुद्राला कोणी हिशेब विचारीत नाहीं.

तरी एक जागा मोकळी आहे. शाळा-व्यवस्थापन समितींत आईबाप, ग्रामपंचायतीचा सभासद व शिक्षक यांशिवाय गांवांतील शिक्षणाचा जाणकार म्हणून एक सभासद घेतां येतो. त्याचें मूल त्या शाळेंत असावें अशी अट नाहीं. राहुरीस विद्यापीठ आहे, निवृत्त प्राध्यापक आहेत, हायस्कुलांतून बाहेर पडलेले हेडमास्तर आहेत. आणि ज्यांनीं जन्मभर घरचा हिशेब पैसा-पैशानें लिहिला अशा गृहिणी तर घरोघर आहेत. ही निवड अधिकारी करीत नाहीं, समितींतील पालक करतात. दर दोन वर्षांनीं समिति नवी होते, तिची पालकसभा शाळेंतच भरते, आणि तिची तारीख मुख्याध्यापकांकडे मिळते.